मरणानंतरही बदलत राहिलेला आवाज : एन्रिको कारुसोची गोष्ट

एन्रिको कारुसो हे नाव युट्यूबवर टाकून त्याचं एखादं गाजलेलं गाणं शोधलं, तर एक गंमत होते. एकच गाणं अनेक रूपांत सापडतं. एका ठिकाणी भजी तळत असल्यासारखी सततची खरखर आणि तिच्यामागून, शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज. दुसऱ्या ठिकाणी खरखर जवळजवळ गायब, पण आवाजाची धारही तिच्याबरोबर गेलेली. तिसऱ्या ठिकाणी चक्क आजच्या काळातला मोठा वाद्यवृंद साथीला. चौथ्या ठिकाणी सगळं गाणंच थोडं वरच्या पट्टीत आणि थोडं घाईत.

गायक तोच, रेकॉर्डही तीच. त्या दिवशी कर्ण्यासमोर तो गायला एकदाच. मग यातला खरा कारुसो कोणता?

जुन्या रेकॉर्डचा आवाज स्वच्छ करून, सुधारून ती पुन्हा प्रसिद्ध करण्याला रीमास्टरिंग म्हणतात. काच पुसावी तसं हे काम असेल असं आपल्याला वाटतं. धूळ गेली की पलीकडचं जसंच्या तसं दिसणार. प्रत्यक्षात ते जुन्या भित्तिचित्राची डागडुजी करण्याच्या जास्त जवळ जातं. कुठला डाग काढायचा, कुठला रंग मूळचा समजायचा, हे कुणीतरी ठरवावं लागतं. कारुसोच्या आवाजावर गेली नव्वदहून अधिक वर्षं हे ठरवाठरवीचं काम चालू आहे. इतकी मेहनत फार कमी गायकांच्या वाट्याला आली असेल. ती का करावीशी वाटली, हे कळण्यासाठी आधी तो माणूस कळायला हवा.

कारंज्यांच्या कारखान्यातला पोरगा

कारुसोचा जन्म २५ फेब्रुवारी १८७३ चा, इटलीतल्या नेपल्स शहरातला. वडील मार्चेल्लिनो कारखान्यात मेकॅनिक. तो आईबापांचं अठरावं अपत्य होता, ही दंतकथा बरीच वर्षं छापली जात होती. पुढच्या चरित्रकारांनी नोंदी तपासल्या तेव्हा भावंडांची संख्या सात निघाली, आणि त्यातलीही बरीच लहानपणीच गेलेली. घर गरीबच होतं. अकराव्या वर्षी बापानं त्याला सार्वजनिक पाण्याची कारंजी बनवणाऱ्या एका कारागिराकडे हाताखाली लावलं. पोरानं हातात पाना धरावा, गाण्यानं पोट भरत नाही, असं बापाचं मत. आईनं मात्र गाण्याला पाठिंबा दिला. ती १८८८ मध्ये गेली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

चर्चमध्ये गाणं, रस्त्यावर गाणं, कॉफीहाऊसमध्ये गाणं, पैसे घेऊन दुसऱ्याच्या प्रेयसीच्या खिडकीखाली गाणं, हे नेपल्समधल्या गळा असलेल्या पोरांचे ठरलेले उद्योग. कारुसोनंही ते केले. पुढे ग्युलेल्मो व्हर्जिने नावाच्या शिक्षकाकडे तो शिकला. १५ मार्च १८९५ रोजी नेपल्समधल्याच तेआत्रो नुओव्होमध्ये तो पहिल्यांदा ऑपेरात उभा राहिला. ती ऑपेरा आज कुणाच्या लक्षात नाही. त्या काळातला त्याचा एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यात तो रोमन सरदारासारखं वस्त्र अंगावर घेऊन बसलेला दिसतो. ते वस्त्र म्हणजे पलंगावरची चादर. एकुलता एक चांगला शर्ट धुवायला गेला होता.

आवाजही तेव्हा तयार नव्हता. वरच्या स्वरांवर तो फाटायचा. वरचे स्वर त्याला देणगी म्हणून मिळाले नव्हते, ते त्यानं वर्षानुवर्षं घासून मिळवले. १८९८ मध्ये मिलानला ‘फेदोरा’ या नव्या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात त्यानं नाव कमावलं आणि १९०० च्या डिसेंबरात ला स्काला या इटलीतल्या सगळ्यात मानाच्या रंगमंचावर तो पोहोचला.

मग तो घरी आला. डिसेंबर १९०१, नेपल्सचं सान कार्लो थिएटर, ऑपेरा दोनिझेत्तीची ‘लेलिझिर द’आमोरे’. गावचा मुलगा मोठा होऊन परतला होता, पण गावातल्या जाणकारांनी त्याला थंडपणे घेतलं. कारुसोच्या ते जिव्हारी लागलं. नेपल्समध्ये यापुढे गायचं नाही असं त्यानं ठरवलं, आणि ते मरेपर्यंत पाळलं. जेवायला आणि माणसांना भेटायला तो तिथं जात राहिला. रंगमंचावर मात्र नाही.

हॉटेलची खोली, शंभर पौंड आणि एक कर्णा

त्यानंतर चारच महिन्यांनी जे घडलं, त्यामुळे आज त्याच्याविषयी बोलता येतं.

फ्रेड गैसबर्ग हा अमेरिकन माणूस लंडनच्या ग्रामोफोन कंपनीसाठी देशोदेशी फिरून गायकांचे आवाज मुद्रित करायचा. १९०२ च्या वसंतात तो मिलानला आला, ला स्कालामध्ये त्यानं कारुसोला ऐकलं आणि लगेच विचारणा केली. कारुसोनं दहा गाण्यांचे शंभर पौंड मागितले. रक्कम त्या काळाच्या मानानं मोठी. लंडनहून नकाराची तार आली, पण आपण ती बाजूला ठेवून काम उरकलं, असं गैसबर्गनं पुढे आठवणींत लिहिलंय. तारेचा किस्सा रंगवलेला असू शकतो. ध्वनिमुद्रण झालं ते मात्र खरं. एप्रिल १९०२, मिलानचं ग्रँड हॉटेल. सव्वा वर्षापूर्वी याच हॉटेलात थोर संगीतकार व्हर्दीनं शेवटचा श्वास घेतला होता. तिथल्या एका खोलीत, एका दुपारी, पियानोच्या साथीवर कारुसोनं दहा गाणी म्हटली. नेपल्सनं ज्या ऑपेरात त्याला थंड प्रतिसाद दिला, तिच्यातलं ‘ऊना फुर्तिवा लाग्रिमा’ही त्यात होतं.

ही मुद्रणं झाली कशी, हे इथंच समजून घ्यायला हवं. पुढची सगळी भांडणं त्यातूनच निघतात.

खोलीत मायक्रोफोन नव्हता. वीज कामाला लागलेलीच नव्हती. गायक एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडात गायचा. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला एक पातळ पडदा असे. आवाजानं तो थरथरला की त्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीत नागमोडी खाच कोरत जाई. गायकाच्या फुप्फुसांतला जोर हीच सगळी ऊर्जा. मेणाच्या तबकडीवरून धातूचा साचा बनवायचा आणि त्या साच्यानं लाखेच्या तबकड्या छापायच्या. जगभरच्या कारखान्यांना लागणारी ही लाख मुख्यतः भारतातल्या जंगलांतून जायची. लाखेत दगडाची बारीक पूडही मिसळलेली असे. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेत नीट बसावी, म्हणून. म्हणजे जुन्या रेकॉर्डची खरखर ही फक्त म्हातारपणाची नाही. त्यातली बरीचशी जन्मापासूनची आहे.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. कर्णा त्यातला मधला तुकडा तेवढा पकडायचा, साधारण दोनशे ते तीन हजारांच्या आसपास. त्याखालचं आणि वरचं बहुतेक सगळं वाया. तबला किंवा डबल बेसचा खर्ज, व्हायोलिनची झिलई, ‘स’ आणि ‘श’चे उच्चार, सगळं अंधुक. आणि जे पकडलं जायचं, तेही सरळ नाही. रिकाम्या हंड्यात तोंड घालून गायलं तर काही स्वर उगाच घुमतात, काही दबतात. कर्ण्याचंही तसंच होतं. प्रत्येक कर्ण्याची घुमण्याची तऱ्हा वेगळी.

बायकांचे उंच आवाज या कर्ण्यात चिरके यायचे, पियानो डब्यासारखा वाजायचा. पण भरदार पुरुषी टेनर आवाज त्या अरुंद खिडकीत त्यातल्या त्यात चांगला मावायचा. कारुसोचा तर फारच चांगला मावला. रेकॉर्ड म्हणजे खेळणं अशी तोवर अनेक मोठ्या गायकांची समजूत होती. या दहा गाण्यांनी ती मोडायला सुरुवात झाली.

याच गैसबर्गनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. पद्धत तीच, कर्णा तसाच. अब्दुल करीम खाँ यांच्या पहिल्या रेकॉर्डही कर्ण्याच्याच काळातल्या. कारुसोच्या आवाजाचं जे झालं, ते या आवाजांनाही लागू आहे.

न्यूयॉर्क

मे १९०२ मध्ये लंडन, २३ नोव्हेंबर १९०३ रोजी न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरा. दोन्हीकडे पदार्पण ‘रिगोलेत्तो’मधून. मेट्रोपोलिटनमध्ये तो पुढची सतरा-अठरा वर्षं गात राहिला, आठशेहून अधिक प्रयोगांत. १९०४ च्या फेब्रुवारीत व्हिक्टर कंपनीसाठी कार्नेगी हॉलच्या इमारतीतल्या एका खोलीत त्यानं पहिली गाणी दिली, आणि मरेपर्यंत तो व्हिक्टरचाच राहिला. एकूण मुद्रणं अडीचशेच्या आसपास.

व्हिक्टरनं लाल लेबलाच्या महागड्या तबकड्या काढल्या. त्या एकाच बाजूला वाजायच्या. घरात कारुसोची लाल तबकडी असणं हे प्रतिष्ठेचं लक्षण झालं. १९०८ मध्ये सहा गायकांना एका कर्ण्यासमोर दाटीवाटीनं उभं करून ‘लुचिया’ ऑपेरातलं षटक मुद्रित केलं. त्या एका तबकडीची किंमत सात डॉलर होती, आणि तरी ती खपली. ‘पाल्याची’ ऑपेरातलं ‘वेस्ती ला जुब्बा’ त्यानं तीन वेळा मुद्रित केलं. १९०७ चं तिसरं मुद्रण इतकं गाजलं की आज ते अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत जपून ठेवलेलं आहे.

कर्ण्यासमोर गाणं हीदेखील एक कलाच होती. वरचा जोरकस स्वर आला की मागे सरकायचं, नाहीतर सुई उडायची. हळू जागा आली की पुढे वाकायचं. गाणं चार-साडेचार मिनिटांत बसत नसेल तर काटायचं. वाद्यवृंदातही तडजोडी. व्हायोलिनला लाकडी पेटीऐवजी पत्र्याचा कर्णा लावलेला असे आणि डबल बेसचं काम बऱ्याचदा ट्यूबा करायचा. म्हणजे आज त्या रेकॉर्डमध्ये जी केविलवाणी पिपाणीसारखी साथ ऐकू येते, ती पूर्णपणे मुद्रणाची चूक नाही. खोलीत खरोखरच तशी वाद्यं वाजत होती.

रंगमंचाबाहेर कारुसो खोडकर होता. सोबतच्या गायकांच्या खोड्या काढायचा, व्यंगचित्रं काढायचा. ती न्यूयॉर्कच्या एका इटालियन साप्ताहिकात छापून यायची आणि खरोखर चांगली असायची. एप्रिल १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘कार्मेन’ गाऊन झोपला आणि पहाटे भूकंपानं जागा झाला. त्या शहरात तो पुन्हा गेला नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात एका स्त्रीशी गैरवर्तन केल्याचा आरोप त्याच्यावर आला. त्यानं तो नाकारला, कोर्टानं दहा डॉलर दंड केला. घरही सुखाचं नव्हतं. जिच्यापासून त्याला मुलं झाली, ती गायिका आदा जाकेत्ती १९०८ मध्ये त्यांच्या मोटारचालकाबरोबर निघून गेली. पुढे प्रकरण इटलीच्या कोर्टात गेलं. १९०९ मध्ये स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झाली.

या सगळ्या वर्षांत आवाज बदलत गेला. १९०२ चा कारुसो हलका, लवचिक, जवान. १९११ मध्ये तेच ‘ऊना फुर्तिवा लाग्रिमा’ त्यानं वाद्यवृंदासोबत पुन्हा गायलं, तेव्हा आवाज रुंद झालेला. १९१५ नंतरचा कारुसो गडद, जड, जवळजवळ बॅरिटोनकडे झुकलेला. एकदा फिलाडेल्फियात ‘ला बोहेम’च्या प्रयोगात सोबतच्या बेस गायकाचा आवाज बसला, तर प्रेक्षकांच्या नकळत कारुसोनंच त्याचं खालच्या पट्टीतलं गाणं म्हणून टाकलं. १९१६ मध्ये ते गाणं गंमत म्हणून मुद्रितही झालं, पण विक्रीला द्यायला त्याची तयारी नव्हती. एका वाचलेल्या प्रतीवरून ते बाहेर आलं, त्याच्या मृत्यूनंतर पाव शतकाहून अधिक काळानं.

हा बदल लक्षात ठेवायला हवा. जुन्या रेकॉर्ड उजळवणाऱ्यानं सगळ्यांना एकच मलम लावलं, तर पहिलं बळी जातं ते याच अठरा वर्षांच्या अंतराचं. तिशीतला आणि सत्तेचाळिशीतला गायक सारखाच वाटू लागतो.

शेवट

१९१८ मध्ये त्यानं डोरोथी बेंजामिन या अमेरिकन तरुणीशी, तिच्या वडिलांचा विरोध पत्करून, लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगी झाली, ग्लोरिया. सप्टेंबर १९२० मध्ये व्हिक्टरच्या कॅम्डन इथल्या स्टुडिओत त्याची शेवटची मुद्रणं झाली. हा स्टुडिओ म्हणजे कंपनीनं विकत घेतलेलं एक जुनं चर्च होतं. १६ तारखेला त्यानं रोस्सिनीच्या प्रार्थनासंगीतातले दोन भाग गायले.

११ डिसेंबरला ब्रुकलिनमध्ये प्रयोग होता, पुन्हा ‘लेलिझिर द’आमोरे’. गाताना तोंडातून रक्त येऊ लागलं. विंगेतून रुमाल दिले जात होते, तो पुसत होता आणि गात होता. पहिल्या अंकानंतर प्रयोग थांबवला. नाताळच्या आदल्या रात्री ‘ला ज्युव्ह’मध्ये तो शेवटचा उभा राहिला. नंतर कळलं की फुप्फुसाच्या आवरणाला सूज होती आणि पू झाला होता. प्रतिजैविकं अजून यायची होती. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. १९२१ च्या उन्हाळ्यात तो इटलीला परतला आणि २ ऑगस्ट रोजी नेपल्समधल्या एका हॉटेलात गेला. वय ४८.

चार वर्षांनी, १९२५ मध्ये, व्हिक्टरनं मायक्रोफोननं मुद्रण सुरू केलं. कारुसोची एकही रेकॉर्ड मायक्रोफोनवरची नाही.

मेलेल्या गायकाच्या मागे धावणारा वाद्यवृंद

विजेवरच्या नव्या रेकॉर्ड आल्या आणि कर्ण्याच्या रेकॉर्ड एका रात्रीत जुनाट वाटू लागल्या. व्हिक्टरकडे कारुसोचा खजिना होता, पण नव्या कानांना तो खोक्यातून आल्यासारखा वाटे. त्यात मंदी. १९३२ मध्ये कंपनीनं एक डाव टाकला. कारुसोची जुनी रेकॉर्ड वाजवायची, मूळची साथ शक्य तितकी दाबायची आणि नेथॅनियल शिलक्रेटच्या हाताखालचा वाद्यवृंद नव्यानं वाजवून त्यावर चढवायचा.

यात खरी अडचण लयीची. ऑपेरात गायक आणि संचालक एकमेकांकडे बघून थांबतात, सरकतात. इथं गायक थांबायचा तिथं आधीच थांबून गेलेला होता. कारुसो एखादा स्वर मनाला येईल तितका लांबवायचा आणि शिलक्रेटला त्याच्यामागे धावावं लागायचं. तरीही रेकॉर्ड विकल्या गेल्या. अनेक घरांत पुढची काही दशकं कारुसो म्हणजे हाच, उधारीच्या वाद्यवृंदातला कारुसो होता. २००० साली हाच प्रयोग डिजिटल साधनांनी पुन्हा झाला. या वेळी व्हिएन्ना रेडिओचा वाद्यवृंद, संचालक गॉटफ्रीड राब्ल. साथ भव्य आहे यात शंका नाही. पण त्या भव्य साथीच्या मधोमध कर्ण्यातला आवाज ठेवला की तो आणखीच कर्ण्यातला वाटतो.

दुसऱ्या गायकाची फूटपट्टी

मधल्या काळात एका इंजिनीअरनं प्रश्न वेगळ्या बाजूनं धरला. थॉमस स्टॉकहॅम, अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातला प्राध्यापक. वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सन यांच्या टेपमधली साडेअठरा मिनिटांची रिकामी जागा तपासणाऱ्या तज्ज्ञांमध्येही तो होता. साथ बदलण्यात त्याला रस नव्हता. कर्ण्यानं आवाजात जी भेसळ केली, ती उलटी करून काढता येईल का, हा त्याचा प्रश्न.

कोडं असं. रेकॉर्डवर जे आहे, ते म्हणजे कारुसोचा आवाज गुणिले कर्ण्याचा घुमार. उत्तर माहीत आहे, पण दोन्हीपैकी एकही आकडा माहीत नाही. कर्णे गेले, गायक गेला. मग भागाकार कशानं करायचा?

स्टॉकहॅमनं युक्ती काढली. कारुसोच्या गाण्याचे कॉम्प्युटरवर बारीक बारीक तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात कुठल्या पट्ट्यात किती ऊर्जा आहे ते मोजलं आणि सगळ्याची सरासरी काढली. गाताना स्वर बदलतो, शब्द बदलतात, कर्णा मात्र बदलत नाही. त्यामुळे सरासरीत कर्ण्याचे उंचवटे ठळक उठून दिसतात. पण त्या सरासरीत टेनर आवाजाचा स्वतःचा आकारही मिसळलेला. तो वजा करायला त्यानं तेच गाणं चांगल्या मायक्रोफोनवर गायलेला दुसरा टेनर घेतला. स्वीडनचा युसी ब्यॉर्लिंग. त्याच्या गाण्याचीही तशीच सरासरी काढली. दोन सरासऱ्यांतला फरक म्हणजे कर्णा, असं मानलं. मग कर्ण्यानं जे फुगवलं ते दाबलं आणि जे दाबलं ते उचललं.

१९७६ मध्ये ही गाणी एलपीवर आली. सामान्य लोकांच्या हाती पडलेल्या डिजिटल सुधारणेच्या पहिल्या मोठ्या उदाहरणांपैकी हे एक. अनेकांना कारुसो खोक्यातून बाहेर आल्यासारखा वाटला. स्वरांचे उगाच येणारे घुमारे गेले, शब्द कळू लागले.

पण इथं एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. कारुसोचा आवाज दुरुस्त करण्याची फूटपट्टी दुसऱ्या माणसाच्या गळ्याची होती. ब्यॉर्लिंग उत्तम गायक, पण त्याचा आवाज चकचकीत, रुपेरी. कारुसोचा उत्तरार्धातला आवाज गडद. सरासरीत गळ्याच्या बारीक खुणा पुसल्या जातात हे खरं, त्यामुळे कारुसोचा ब्यॉर्लिंग झाला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. तरीही कारुसोमध्ये उजेड किती आणि सावली किती, या प्रश्नाच्या उत्तरात थोडा ब्यॉर्लिंग शिरलाच. शिवाय दबलेला भाग उचलताना त्यातली खरखरही उचलली गेली. आणि जे कर्ण्यानं मुळात पकडलंच नव्हतं, ते परत आणण्याची सोय या गणितात नव्हती.

आजची एआयवर चालणारी सॉफ्टवेअर ही हद्दही ओलांडू शकतात. हजारो आवाज ऐकून शिकलेलं यंत्र हरवलेला वरचा भाग अंदाजानं भरून देतं. ऐकायला छान वाटतं. फक्त तो भाग कारुसोचा नसतो.

आधी धुवा, मग मोजा

पट्टीचे संग्राहक आणि ध्वनितज्ज्ञ यामुळेच कॉम्प्युटरकडे शेवटी वळतात. आधी चांगली प्रत शोधायची. शक्य असेल तर जुना धातूचा साचा किंवा त्यावरून नव्यानं छापलेली प्रत, कारण तिच्यावर कुणाच्या आजोबांची पोलादी सुई फिरलेली नसते. तबकडी धुवायची. मग वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून बघायच्या. खाचेचा वरचा भाग झिजला असेल तर बारीक सुई खालच्या न झिजलेल्या भिंतीला टेकते. नुसत्या सुईच्या निवडीनं जितकी खरखर कमी होते, तितकी पुष्कळदा सॉफ्टवेअरनंही होत नाही. टिकटिक काढणं सोपं आहे. ती क्षणभराची असते, आजूबाजूची लाट बघून खड्डा बुजवता येतो. सतत येणारी खरखर अवघड. आवाजाचे वरचे, चमक देणारे स्वरांश आणि खरखर एकाच पट्ट्यात राहतात. एक हाकलायला गेलं की दुसराही निघून जातो. युट्यूबवरचा तो धार गेलेला कारुसो असाच तयार होतो.

आणि मग वेग. जुन्या तबकड्यांना आपण सरसकट ७८ म्हणतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या. पण त्या काळी वेग काटेकोर नव्हता. कुठे सत्तरच्या जवळ, कुठे ऐंशीच्या. वेग सहा टक्क्यांनी वाढला की गाणं अर्ध्या स्वरानं चढतं. हार्मोनियमच्या भाषेत, पांढरी सातचं गाणं पांढरी एकला जातं. त्याबरोबर लय वाढते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गळ्याचा रंगही बदलतो, पातळ होतो. कारुसोचा गडद आवाज वेगवान तबकडीवर वीस वर्षांनी लहान वाटू शकतो. आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्ड ऐकताना अमका गवई काळी पाचमध्ये गायचा असं ठामपणे सांगणाऱ्यांनीही आधी तबकडीचा वेग तपासलेला बरा.

यावर उपाय म्हणजे गाण्याची मूळ पट्टी शोधून तबकडी तिथवर आणणं. पण गायक मूळ पट्टीत गायलाच नसेल तर? व्हर्दीच्या ‘इल त्रोव्हातोरे’मधलं ‘दि क्वेला पिरा’ हे टेनरची परीक्षा बघणारं गाणं. परंपरेनं त्यात वरचा सी हवा, म्हणजे तार सप्तकातली पांढरी एक. कारुसोला त्या स्वराचा धाक होता. १९०६ ची त्याची रेकॉर्ड अर्धा स्वर खाली आहे. छापील स्वरलिपीवर विसंबून कुणी ती रेकॉर्ड सहा टक्के जोरात फिरवली, तर कारुसोच्या तोंडी असा स्वर येतो जो त्या दिवशी त्यानं लावलाच नव्हता. ऐकणारा वाहवा करतो. तज्ज्ञ अशा वेळी आवाजाचा कंप बघतात, शेजारच्या दिवशीच्या इतर तबकड्यांशी ताडून बघतात, आणि तरीही दोन तज्ज्ञांचं दोन फेऱ्यांवरून पटत नाही.

म्हणून जबाबदार संग्रहालयांत एक रिवाज आहे. तबकडी धुऊन, योग्य सुई लावून जो आवाज येतो तो कसलीही सुधारणा न करता आधी साठवायचा. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०११ मध्ये व्हिक्टरच्या कर्ण्याच्या काळातल्या हजारो तबकड्या इंटरनेटवर ऐकायला खुल्या केल्या. कारुसोच्या लाल तबकड्या त्यात आहेत, खरखरीसकट. पहिलं अर्धं मिनिट त्रास होतो. मग कान हळूहळू खरखर मागे टाकायला शिकतो आणि पुढे गायक उभा राहतो.